नानांची एक सही

नानांबद्दल मी लिहावं की नाही, हे मला अजूनही नीट ठरवता आलेलं नाही. मी त्यांच्या नात्यातला नाही. त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारा विद्यार्थी, एवढीच माझी ओळख. लिहिण्याची सवयही नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि आजवर माझ्या हातून लिहून झालं ते परीक्षेचे पेपर आणि अर्ज. अशा माणसाने पुरवणीत कुणाच्या आठवणी लिहायला बसणं हे जरा जास्तच झालं, याची मला जाणीव आहे, आणि त्याबद्दल वाचकांची माफी मागतो. मात्र माफी मागताना आपल्याकडे जे वाक्य हमखास लिहितात, 'काही चूक झाली असल्यास क्षमा असावी', ते मी लिहिणार नाही. ते मी एकदा नानांसाठी लिहिलं होतं... त्याचं पुढे काय झालं, तेच मला सांगायचं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होतो. आमचं गाव पेठच्याही पलीकडे, डोंगरात. भाताची कापणी चालू होती. गावात मोबाइलला रेंज येत नाही. फोन करायचा तर वरच्या वळणावर, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभं राहावं लागतं. दोन दिवस मी तिकडे फिरकलोच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर शोभाकाकूंचे अकरा मिस्ड कॉल. काकू म्हणजे नानांच्या पत्नी. त्या स्वतःहून कधी कुणाला फोन लावत नसत, त्यामुळे आकडा पाहूनच काहीतरी बिनसलंय हे कळलं. मी उलट फोन केला. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "देविदास, नाना गेले रे. परवा. तुझी लय वाट पाहिली, पण किती ठेवणार..." नाना दुपारी गॅरेजमध्ये एका पिकअपच्या पुढच्या चाकाशी बसले होते, आणि बसल्या जागीच गेले. शेजारच्या वर्कशॉपमधल्या माणसांना वाटलं, खाली पडलेला नट शोधताहेत. बराच वेळ कुणी हाक मारली नाही.

नानांचं नाव रंगनाथ. मूळचे सायखेड्याचे. शेतीवर सगळ्या भावांचं भागणार नाही हे पाहून वडिलांनी त्यांना आयटीआयला घातलं. तिथून ओझरच्या विमान कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून गेले, आणि तिथे जे शिकले ते जन्मभर पुरलं, असं ते म्हणायचे. तिथला एक जुना कारागीर त्यांना सांगायचा की कागदावर सही केली म्हणजे आपण त्या विमानात बसलो. नानांनी हे इतकं मनावर घेतलं की पुढे अंबडला गाड्यांच्या कामात आल्यावरही ते तशाच सावधपणे सही करत. आधी पेन खाली ठेवायचे, गाडीभोवती एक फेरी मारायचे, मग परत येऊन पेन उचलायचे. गिऱ्हाईक वैतागायचं.

चाळिशी उलटल्यावर ते परदेशात गेले. बऱ्याच देशांनी मिळून चालवलेली एक मोठी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. प्रकरण अजून मिटलेलं नसल्यामुळे तिचं नाव मी लिहीत नाही. आफ्रिकेतल्या एका देशात यादवी नुकतीच थांबली होती, आणि तिथे कायद्याचं राज्य पुन्हा उभं करायचा या संस्थेचा कार्यक्रम होता. म्हणजे न्यायाधीशांना, पोलिसांना, तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना शिकवायचं. शिकवणारे लोक पांढऱ्या गाड्यांतून गावोगाव जात, आणि त्या गाड्या रस्त्यावर जायच्या लायक आहेत की नाहीत, हे पाहायचं काम नानांचं. वर्गाच्या मागच्या बाकावर बसून त्यांनीही बरंच ऐकलं. तिथली एक न्यायाधीश बाई पोलिसांना दर वेळी एकच गोष्ट घोकून घ्यायची: ज्याला शिक्षा करायची, त्याचं आधी ऐकून घ्या. नानांना ते फार आवडलेलं होतं. माझ्या पुस्तकात हेच तत्त्व एका अख्ख्या प्रकरणात आहे, हे मी त्यांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "एवढी पानं कशाला लागली त्याला?"

मी खोली बघायला गेलो तेव्हा नाना नुकतेच तिकडून आले होते. सुट्टीवर आलोय, एवढंच लोकांना सांगत. खोली दाखवून झाल्यावर त्यांनी विचारलं, काय शिकतोस. मी म्हटलं, कायदा, पहिलं वर्ष. ते जिन्यातच थांबले.

"असं एखादं कोर्ट हाय का रे, जिथं कोर्टावरच केस टाकता येती?"

मी म्हटलं, एवढं अजून शिकवलेलं नाही. आमचं कॉलेज सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. नाना हसले आणि म्हणाले, राहू दे, शिकवतील तेव्हा सांग. त्या दिवसापासून ते मला 'वकील' म्हणू लागले, आणि मी त्यांना नाना.

तिकडे काय झालं होतं, ते मला हळूहळू कळलं. नादुरुस्त गाडी दिसली की नाना तिच्या स्टिअरिंगला लाल चिठ्ठी बांधत. चिठ्ठीचे दोन भाग असायचे, दोन्हींवर एकच नंबर आणि नानांची सही. अर्धा भाग गाडीला, अर्धा पुस्तकात. एका संध्याकाळी त्यांनी एका गाडीला अशी चिठ्ठी बांधली, ब्रेक धरत नव्हते म्हणून. दुसऱ्या दिवशी बाहेरून पाहुणे यायचे होते आणि गाड्या कमी पडत होत्या. सकाळी कुणीतरी ती चिठ्ठी सोडली. गाडी गेली. उतारावर, बाजाराच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला कणसं भाजून विकणारी एक बाई होती. ती गाडीखाली येऊन जागेवरच गेली... चौकशी झाली तेव्हा फायलीत एक कागद निघाला, त्यावर गाडी ठीक असल्याची नोंद आणि खाली नानांची सही. नाना म्हणत, ती सही माझी नाही. त्यांच्याकडे पुस्तकातलं अर्धं लाल पान होतं, नंबरासकट. पण ते दाखवा असं त्यांना कुणी म्हणालंच नाही. चौकशी पुरी होईपर्यंत घरी जाऊन थांबा, असं सांगून त्यांना विमानात बसवलं.

त्या बाईच्या घरचे तिथल्या कोर्टात गेले होते, एवढं नानांनी निघण्याआधी ऐकलं. कोर्टाने त्यांना परत पाठवलं. कारण त्या देशाने करार केला होता, की संस्थेवर तिथल्या कोर्टात खटला चालणार नाही. मला हे ऐकून राग आला. पण नाना संस्थेची बाजू घेऊन बोलले, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. तिथली कोर्टं मंत्र्यांच्या खिशात होती, म्हणाले. संस्था जर त्यांच्या ताब्यात असती तर एका आठवड्यात तिला टाळं लागलं असतं. बाहेरच्या कोर्टापासून आडोसा लागतोच. "पण मग आतलं तरी उघडं पाहिजे ना, वकील? बाहेरूनबी बंद, आतूनबी बंद, त्याला काय म्हणायचं?" हा प्रश्न मी पुढे आमच्या एका सरांना विचारला. ते म्हणाले, बाहेरचं दार बंद आहे, पण आत एक खिडकी आहे. ती किती उघडायची, ते मात्र खिडकीवाल्याच्या हातात.

मी राहायला आल्यावर चार महिन्यांनी संस्थेचा ईमेल आला. चौकशी पूर्ण, जबाबदारी नानांची, नोकरी संपली. फायलीत शेरा: गंभीर निष्काळजीपणा. शेवटी एक ओळ होती, की निर्णय मान्य नसेल तर साठ दिवसांच्या आत फेरतपासणी मागावी. नाना फोन घेऊन वर आले. म्हणाले, "तू लिही. तुझ्या हातात अर्ज चांगला हाय."

हे खरं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता. आठवीत असल्यापासून आमच्या पाड्याचे सगळे अर्ज मी लिहायचो. रेशनकार्ड, विहीर, वनजमिनीचा दावा, म्हातारीची पेन्शन. मोठी माणसं समोर उकिडवी बसायची आणि मी वहीच्या पानावर लिहायचो. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी मला शिकवलं होतं की साहेबाशी भांडायचं नसतं. साहेबाला मोठं म्हणायचं, आपण लहान व्हायचं, आणि मग मागायचं ते मागायचं. 'मे. साहेबांच्या सेवेशी', 'आपण दयाळू आहात', 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा', आणि सगळ्यात शेवटी, 'काही चूक झाली असल्यास क्षमा असावी'. अशा अर्जांवर पेठच्या तहसील कचेरीत कामं झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. वाकडा अर्ज लिहिलेल्यांची कामं वर्षानुवर्षं पडून राहिलेलीही पाहिली आहेत. मला एवढीच एक रीत माहीत होती.

मी चार संध्याकाळी बसून, डिक्शनरी घेऊन, तोच अर्ज इंग्रजीत लिहिला. नाना वाचत वाचत शेवटच्या ओळीवर थांबले. पेन खाली ठेवलं. खोलीत फेरी मारायला जागा नव्हती, म्हणून ते गच्चीवर जाऊन आले.

"चूक झाली असल्यास... पण चूक तर झाली नाय ना माझ्याकडून."

"नाना, तसं लिहावंच लागतं," मी म्हणालो. "ती रीत असते. त्याने साहेब नरम होतात."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले, तू शिकलेला हायस. आणि सही केली. त्यांच्या आयुष्यात, मला माहीत आहे तेवढ्यात, फेरी मारून आल्यावरही मनात शंका असताना केलेली ती एकच सही.

उत्तर यायला जवळजवळ आठ महिने लागले. त्या काळात नानांनी अंबडला छोटं गॅरेज सुरू केलं. तिथेही लाल चिठ्ठ्या आल्या. पुठ्ठ्याच्या, दोन भागांच्या, छापून घेतलेल्या. टोमॅटो वाहणारा एक पिकअपवाला त्यांच्याशी रोज भांडायचा. एकदा मी तिथे होतो. तो म्हणाला, "नाना, पंचवटीपर्यंत तर जायचंय. चंद्रावर नाय." नाना चिठ्ठीची दोरी आवळत म्हणाले, "चंद्रावर जात असतास तर सोडला असता. तिकडं रस्त्याला माणसं नसतात." पिकअपवाला हसला, शिव्या दिल्या, आणि टोमॅटो दुसऱ्या गाडीत भरले. नाना गेल्यावर दहाव्याला तो आला होता. कोपऱ्यात बसून होता.

स्वयंपाकघरात नानांनी दुसरं घड्याळ लावलं होतं, संस्थेचं मुख्य कार्यालय आहे त्या शहराच्या वेळेचं. तिकडे ऑफिस कधी उघडतं हे कळावं म्हणून. आपल्याकडे दुपारचा एक वाजून गेला की नाना जेवताना मान वर करून बघत आणि म्हणत, "बसले खुर्चीवर." काकू म्हणायच्या, एका घरात दोन टाइम, भाकरी कोणत्या टायमाला थापू ते सांगा. नाना हसायचे. दीड वाजता मेल बघायचे, परत साडेपाचला बघायचे, त्यांचं जेवण झालं असेल म्हणून.

उत्तर आलं तेव्हा मी कॉलेजातून नुकताच आलो होतो. नानांनी फोन माझ्याकडे दिला, वाच म्हणाले. त्यात लिहिलं होतं: तुमची दयेची विनंती मिळाली. त्यात तुम्ही स्वतःची चूक मान्य केली आहे, याची नोंद घेण्यात आली आहे. निर्णयाला तुम्ही मुदतीत आव्हान दिलेलं नाही. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे.

मी ते मराठीत सांगितलं. 'चूक मान्य केली' हे नानांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग खाली गेले. रात्री जेवले नाहीत, असं काकू म्हणाल्या. सकाळी मी जिना उतरत होतो, तर ते अंगणात दात घासत उभे होते. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"सही माझी हाय. तू फक्त लिवलं."

ते रागवले असते तर मला सोपं गेलं असतं. पुढच्या चार वर्षांत त्यांनी एकदाही मला त्याची आठवण करून दिली नाही, आणि मी एकही दिवस ती विसरलो नाही. परीक्षेत 'कायद्याचे राज्य म्हणजे काय' असा प्रश्न यायचा, की मला तो अर्ज दिसायचा.

त्यानंतर मी संस्थेची नियमावली काढून वाचायला लागलो. कळत नव्हतं तरी वाचायचो. त्यात एक गोष्ट सापडली आणि ती अजून माझ्या डोक्यातून जात नाही. अर्जदाराने साठ दिवसांत मागणी करायची, एक दिवस उशीर झाला की हक्क गेला. संस्थेने तीस दिवसांत उत्तर द्यायचं, पण तिथे एक शब्द होता: 'शक्यतो'. आठ महिने त्या एका शब्दात बसले. गावच्या तलाठ्यानेही नियम मोडलेले मी पाहिले आहेत. पण तलाठ्याच्या वर तहसीलदार असतो, त्याच्या वर कलेक्टर, आणि कुणीच ऐकलं नाही तर हायकोर्ट असतं. तिथवर पोचायला जन्म जातो, पण पायऱ्या तरी दिसतात. इथे मी वर बघायचो तर वर कुणी नव्हतंच. नाना सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात एका वकिलांकडेही जाऊन आले होते. त्यांनी कागद न उघडताच सांगितलं, यांच्यावर इथे दावा चालत नाही, राजदूतांसारखं आहे ते.

उरली ती सरांनी सांगितलेली खिडकी. संस्थेचं स्वतःचं न्यायाधिकरण आहे. त्याचे न्यायाधीश संस्थाच नेमते. कार्यालयाने कामात नियम पाळले नाहीत असं वाटलं तर ते प्रकरण परत त्याच कार्यालयाकडे पाठवू शकतं, फारसं अधिक काही करू शकत नाही. आम्ही तिथे दाद मागितली. सरांनी मसुदा तपासून दिला. त्यात आमचं म्हणणं एवढंच होतं, की पहिला अर्ज हा दयेचा नव्हता. आमच्याकडे न्याय मागायचा तरी याच भाषेत मागतात. आणि म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कोणालाही शिक्षा करू नये हे संस्थाच जगाला शिकवते. लाल पानाचा फोटो जोडला. या वेळी क्षमा कुठेच मागितली नाही. नानांनी पेन खाली ठेवलं, गच्चीवर फेरी मारली, आणि सही केली.

मग वाट बघणं सुरू झालं. न्यायाधिकरणाकडून पोच आली. नंतर, उत्तराला संस्थेने मुदतवाढ मागितली आहे. मग पुन्हा मुदतवाढ. मी एकदा चिडून म्हणालो, नाना, सोडून द्या आता, तुमचं गॅरेज चाललंय, इथे कोण विचारतंय तुम्हाला. तेव्हा त्यांनी जे सांगितलं, ते मला त्याआधी सुचलंच नव्हतं.

"माझं नाय रे. त्या बाईच्या घरच्यांना काय सांगितलं असंल? मेकॅनिकनं गाडी पास केली म्हणून. त्यांच्या घरात मीच मारलंय तिला. रोज भाकरी खाताना ते लोक मलाच शिव्या देत असतील, आणि त्यांचं बरोबरच हाय. त्यांना जे सांगितलं, त्यावरच ते चालणार."

प्रत्येक पत्रात नानांनी एक प्रश्न घातला होता: त्या बाईचं नाव काय? प्रत्येक वेळी उत्तर आलं, की माहिती गोपनीय आहे. तिच्या घरच्यांना तर नानांसाठी होती तेवढीही खिडकी नव्हती, कारण ते संस्थेचे कर्मचारी नव्हते. नाना म्हणायचे, एकदा मला समोर बसवून ऐकलं, की तिथं लाल पान ठेवीन, आणि मग त्यांना तिच्या घरी जाऊन खरं सांगावं लागेल. फोटोवर त्यांचा भरवसा नव्हता. पान हातात द्यायचं होतं. ते त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून, काकूंच्या मंगळसूत्राच्या डबीत ठेवलेलं होतं.

माझी त्यांची शेवटची भेट गॅरेजमध्ये झाली. मी गावी निघालो होतो, माझ्या जुन्या मोटरसायकलवर. नाना म्हणाले, घाट चढायचाय, बघू दे. मागचा ब्रेक दाबून पाहिला, चाक फिरवलं, पुन्हा दाबला. मग खिशातून चिठ्ठी काढून माझ्याच हॅन्डलला बांधायला लागले. मी म्हटलं, नाना, माझ्या गाडीला पण? ते म्हणाले, "तुझ्या गाडीला आधी. यश्टीनं जा." मला जरा राग आला होता. सामान घेऊन सीबीएसला जायचं, तिथे गाडीची वाट बघायची... मी नीट निरोपसुद्धा घेतला नाही. वळताना पाहिलं, तर ते चिठ्ठीचं अर्धं पान फाडून पुस्तकात ठेवत होते.

ती मोटरसायकल अजून गॅरेजमध्ये तशीच उभी आहे. शटर उघडून देणारं आता कुणी नाही, किल्ली काकूंकडे असते. ब्रेक दुसरीकडून करून घेता येईल, पण त्याआधी चिठ्ठी सोडावी लागेल. चिठ्ठीवर नंबर आहे, खाली नानांची सही आहे, आणि ज्याने बांधली त्यानेच सोडायची असा त्यांचा नियम होता. मी बसने कॉलेजला जातो.

इथपर्यंत लिहून मी हा लेख पाठवणार होतो. गेल्या सोमवारी काकूंना वाचून दाखवायला म्हणून खाली आलो. त्या भाकरी थापत होत्या. दुसरं घड्याळ त्यांनी काढलेलं नाही. त्यात सव्वानऊ वाजले होते. मी वाचायला सुरुवात करणार तोच फोन वाजला. नानांच्या मेलवर काही आलं की माझ्याकडे कळतं, तशी सोय आम्ही केली होती. न्यायाधिकरणाचा निकाल होता.

मी उभ्यानेच वाचला. मग बसून पुन्हा वाचला. माणूस विनंतीच्या भाषेत लिहितो म्हणून त्याने हक्क सोडला असं होत नाही, असं त्यात म्हटलं आहे. क्षमेचं ते वाक्य म्हणजे कबुली नव्हे. संस्थेने स्वतःचेच नियम पाळलेले नाहीत. मी लिहिलेला तो पहिला अर्ज वेळेत आणि वैध होता... हे वाचून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि नाना नसताना तसं वाटलं याची त्याच क्षणी लाज वाटली. पुढे लिहिलं होतं, प्रकरण त्याच कार्यालयाकडे परत पाठवण्यात येत आहे. अर्जदाराचं म्हणणं समक्ष ऐकून घ्यावं. त्यांनी जवळची मूळ कागदपत्रं घेऊन यावं, आणि केव्हा येऊ शकतात ते तीस दिवसांत कळवावं.

काकूंनी तवा उतरवला. काय लिवलंय, म्हणाल्या.

मी सांगितलं, नानांचं ऐकून घ्यायचं ठरलंय. त्यांनी या म्हटलंय.

त्यांनी हात पुसले, आतून ती डबी आणून माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "आणि त्या बाईचं?"

मी निकाल पुन्हा वर सरकवला. पहिल्याच पानावर, घटना सांगताना, अगदी साध्या ओळीत ते होतं. आमच्या प्रत्येक पत्राला गोपनीय म्हणून नाकारलेलं. मी वाचून दाखवलं. तिचं नाव मरियम होतं.